सव्वीस नंबरची तबकडी

“सर, ही ढोलकी कोणी वाजवलीय?”

प्रश्न तिसऱ्या रांगेतून आला. मी दोन्ही टर्नटेबलांवर हात ठेवून उभा होतो आणि समोरची साठ-सत्तर पोरं टाळ्या वाजवत होती. पिंपरीतल्या एका सभागृहात, रविवारी सकाळी, रॅप करणाऱ्या नव्या मुलांसाठी शिबिर ठेवलं होतं. त्यात मला ‘जुन्या काळातले जाणकार’ म्हणून बोलावलं होतं. मी तेव्हा चाळीस वर्षांचा होतो. चाळिशीतच जुन्या काळातला होण्याचा मान आमच्याच धंद्यात मिळतो.

मी हसलो. हा प्रश्न लोक मला अठरा वर्षं विचारत होते आणि न सांगण्यात माझा हातखंडा होता.

“सव्वीस नंबरनं,” मी म्हणालो.

पोरं हसली. मी ती छोटी तबकडी उचलून सगळ्यांना दाखवली. मधोमध जिथं लेबल असतं तिथं नुसता खरवडलेला राखाडी गोल होता आणि त्यावर मार्करनं लिहिलेला २६. तबकडीवरच्या गाण्यात मध्येच गाणारी बाई थांबते आणि सहा सेकंद एकटी ढोलकी वाजते. ते सहा सेकंद मी मशीनमध्ये पकडून गोल गोल फिरवायचो. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी रॅपवाल्यांनी त्यावर गाणी म्हटली होती. त्या ठेक्यात एक गंमत होती. समेवर यायच्या आधी तो किंचित थांबायचा, उंबऱ्यावर कुणी पाऊल उचलून थबकावं तसा, आणि मग यायचा. बंगळुरूच्या एका डीजेनं त्या थांबण्यासाठी मला दोनदा फोन केला होता. मी त्यालाही तबकडीचा पत्ता लागू दिला नव्हता.

मग मी माझं ठरलेलं भाषण केलं. हिप-हॉपचा सुवर्णकाळ म्हणतात तो ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहाएक वर्षं. न्यूयॉर्कमधली मंडळी तेव्हा जुन्या दुकानांत गुडघे टेकून धुळीतल्या तबकड्या उपसायची. विसरलेल्या गाण्यात दोन-चार मात्रांचा ठेका सापडला की त्यावर अख्खं गाणं उभं करायची. आपला ठेका दुसऱ्याला सापडू नये म्हणून लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायची चाल त्यांच्याही आधीच्या डीजेंनी पाडली होती. हे मी एका मासिकात वाचलं होतं. अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या जुन्या बाजारात ही तबकडी मिळाली तेव्हा मीही ती आईच्या धुण्याच्या बादलीत भिजत घातली आणि लेबल नखानं खरवडून काढलं. नोकरी लागत नाही म्हणून पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, असं आई शेजारी सांगून आली.

“तुम्ही आज फोनवर बोट ठेवता आणि तयार ठेका उतरवून घेता,” मी म्हणालो. “म्हणून तुमची गाणी पंधरा दिवसांत मरतात. ती जुनी गाणी तीस वर्षं झाली तरी ऐकावीशी वाटतात, कारण त्यांच्यामागे कान आहे.”

पुन्हा टाळ्या झाल्या. तिसऱ्या रांगेतली मुलगी मात्र उभीच होती. सावळी, केस आखूड कापलेले, हातात फोन.

“पण सर, वाजवणाऱ्याचं नाव?”

“ते गुपित आहे. गुपित आहे म्हणून तर मजा आहे.”

तोंड वाकडं करून ती खाली बसली. तिचं नाव अक्षता रणपिसे, हे मला नऊ दिवसांनी कळलं. तिनं शिबिराच्या आयोजकांकडून माझा नंबर मिळवला आणि फोन केला.

“सर, ढोलकीवाले सापडले,” ती म्हणाली.

मला आधी ती काय म्हणते तेच कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. सभागृहात तिनं तो ठेका फोनवर पकडला होता. तिचं आजोळ नारायणगावजवळ. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. जत्रांच्या आधी गावोगावचे पुढारी तिथं येऊन आपल्या गावासाठी तमाशा ठरवतात. अक्षता फोन घेऊन एकेका राहुटीत शिरली आणि ठेका ऐकवत गेली. तिसऱ्या राहुटीत चहा गाळणारा एक म्हातारा गाळणं हातात धरून तसाच उभा राहिला. ‘ह्यो हात माजा हाय,’ म्हणाला. गेनू वायदंडे त्याचं नाव. सगुणाबाई नेर्लेकर यांच्या फडात तो पन्नास वर्षं होता. आधी ढोलकीवर, आता चहावर.

सगुणाबाईंचं नाव ऐकल्याबरोबर मी खुर्चीत सरळ झालो. तबकडी त्यांचीच होती. अठरा वर्षांत मी ते नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

“त्यांचं म्हणणं कुणालाच पटत नाहीये सर. सगळे म्हणतात ती ढोलकी फडातले मुख्य ढोलकीवाले बबन ठोसर यांची. फडाला पंचाहत्तर वर्षं होतायत, स्मरणिका निघतीये. त्यात ठोसरांचंच नाव जाणार. मालक म्हणतात पुरावा आणा. फडाकडे ती तबकडी आता नाहीये. गेनूआजोबा मला म्हणाले, ज्याच्याकडं तबकडी आहे त्या माणसाला घेऊन ये.”

“माझ्या तबकडीला लेबल नाही. तू पाहिलंस ना.”

“पण काढायच्या आधी तुम्ही वाचलं असेल ना सर?”

“अर्थात,” मी म्हणालो.

हा शब्द तोंडातून फार सहज गेला. एक जाणकार माणूस तबकडीवरची अक्षरं न वाचताच लेबल धुऊन टाकतो, हे एकवीस वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं?

शनिवारी आम्ही माझ्या गाडीतून निघालो. तबकडी मागच्या सीटवर, टॉवेलात गुंडाळलेली. चाकणपर्यंत अक्षता फोनवर काहीतरी लिहीत होती. मग मीच विषय काढला.

“तुला जुनं हिप-हॉप आवडत नाही का?”

“आवडतं की. ते लोक गोष्ट सांगतात. त्यात गल्ली असते, शेजारी असतात, कुणाचा तरी भाऊ आत गेलेला असतो. घाई नसते त्यांना. मी लिहायला त्यांच्यावरनंच शिकले.”

“मग त्या दिवशी तोंड का वाकडं केलंस?”

“मला आत्ताचंही आवडतं, म्हणून. तुम्ही म्हणालात ते पंधरा दिवसांत मरतं. माझ्या वस्तीत पोरं तेच म्हणत मोठी होतायत.”

“त्यात ऐकण्यासारखं काय आहे? एक धडधड, आणि शंभर वेळा स्वतःचं नाव.”

“आमचं नाव दुसरं कुणी घेत नाही ना सर. म्हणून आम्हीच घेतो.”

मी उसाच्या ट्रॉलीला ओलांडण्यात गुंतल्याचं सोंग केलं. पोरगी हुशार होती.

राहुटी म्हणजे रस्त्याकडेला उभारलेला कापडी मांडव. वर नाचणाऱ्या मुलींचे रंगवलेले मोठे चेहरे, आत टेबल, चार खुर्च्या, सगुणाबाईंचा हार घातलेला फोटो. फडाचे मालक संपतराव नेर्लेकर म्हणजे सगुणाबाईंचे नातू. पन्नाशीचे, पांढरा सदरा, बोलणं मऊ. त्यांनी मला आदरानं बसवलं. माझा फोटो एकदा पेपरात आला होता, तो त्यांना अक्षतानं दाखवला होता.

“बघा साहेब,” ते म्हणाले, “माझं कुणाशी वाकडं नाही. गेनूतात्यांनी मला मांडीवर खेळवलंय. पण बबनराव ठोसर म्हणजे या फडाची शान. ते गेले तर अंत्ययात्रेला चार तालुक्यांतली माणसं आली. त्या गाण्यात ढोलकी त्यांची, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आता चाळीस वर्षांनी तात्या म्हणतात म्हणून मी बदललं, तर लोक मला काय म्हणतील?”

“म्या चाळीस वर्सं तेच सांगतुया,” मागून आवाज आला.

गेनूतात्या किटली घेऊन उभे होते. काटकुळे, डोक्याला टोपी, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वय पंच्याहत्तरच्या पुढं. चहा ओतताना हात अजिबात थरथरत नव्हता. माझ्याकडे ते टक लावून पाहत होते, आणि त्या बघण्यात काहीतरी अपेक्षा होती.

“तात्या, सांगता खरं. पण मी व्यवस्था बघणारा माणूस. मला कानाचं सांगू नका, कागदाचं सांगा.” संपतराव माझ्याकडे वळले. “स्मरणिका मंगळवारी छापायला जाते. साहेब, लेबल दाखवा म्हणजे विषयच मिटला.”

अक्षतानं त्यांना लेबल नसल्याचं सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. ती माझ्याकडे बघत होती. मी टॉवेल सोडला आणि तबकडी टेबलावर ठेवली.

संपतरावांनी ती उजेडात धरली, उलटसुलट केली.

“हे खरवडलं कुणी?”

“मी.”

“का?”

पिंपरीत ज्या भाषणाला टाळ्या मिळाल्या होत्या ते तिथं माझ्या तोंडून येईना. “कुणाला कळू नये म्हणून,” मी म्हणालो.

“काय कळू नये?”

“कुणी वाजवलंय ते.”

गेनूतात्यांनी किटली खाली ठेवली. मला लाज वाटली, आणि लाज वाटलेला माणूस घाईत असतो.

“पण लेबल काढायच्या आधी मी वाचलं होतं,” मी म्हणालो.

“काय वाचलं होतं?”

मला काय आठवत होतं ते सांगतो. पिवळा कागद. कोपऱ्यात मोर. मोठ्या अक्षरांत सगुणाबाईंचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी. त्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या. बावीस वर्षांच्या मला ढोलकी हवी होती; वाजवणारा कोण, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

“ढोलकी, गेनू वायदंडे,” मी म्हणालो. “तशी ओळच होती खाली.”

“नक्की?”

“मी अशा हजार तबकड्या हाताळल्यात, संपतराव. नावं माझ्या लक्षात राहतात.”

संपतरावांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पुढ्यातल्या कागदांची चळत ओढली, एका ओळीवर रेघ मारली आणि वर नवं नाव लिहिलं. अक्षताचे डोळे भरून आले. तिनं त्या पानाचा फोटो काढला. माझ्या मनावरचं ओझं उतरलं, म्हाताऱ्याचं काम झालं, आता वडापाव खाऊन परत निघावं, असं मला वाटलं. गेनूतात्या मात्र कप गोळा करून बाहेर गेले.

मी चपला घालायला बाहेर आलो तेव्हा ते राहुटीच्या मागच्या बाजूला, वाद्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. त्यांनी मला हातानं बोलावलं.

“लेबलावर काय वाचलं म्हनाला?”

“तुमचं नाव.”

“लेबलावर बबनचं नाव व्हतं,” ते म्हणाले. “म्या सवता बघितलंय. फडात पयल्या ढोलकीचंच नाव लागतं, मग कुनीबी वाजवूं द्या. मुंबईला रेकाडिंग व्हतं त्या दिवशी बबनला ताप भरला. बाई म्हनाल्या, गेनू, तू बस. म्या बसलो. कंपनीला नावं आदीच गेली व्हती. तबकडी आली तवा म्या माजी तबकडी दगडावर आपटून फोडली.”

खोटं पकडलं गेल्यावर काय करायचं असतं हे मला कधी जमलेलं नाही.

“मग तुम्ही अक्षताला मला आणायला का सांगितलंत?” शेवटी मी विचारलं. “लेबलानं तर तुमचं नुकसानच झालं असतं.”

“म्या लेबल आन म्हनलोच न्हाई. म्या म्हनलो, ज्येनं इतकी वर्सं ऐकलंय त्याला आन. ऐकनाऱ्याला कळंल.”

त्यांनी ट्रंकेवर दोन्ही हात ठेवले आणि वाजवायला सुरुवात केली. पत्र्याचा आवाज तो, ढोलकीचा नव्हे. पण तिसऱ्या आवर्तनाला समेच्या आधी बोटं किंचित अडली आणि मग पडली. माझ्या हातावर काटा आला. अठरा वर्षं मी तो ठेका दिवसरात्र फिरवला होता. त्यातली एकेक थाप मी डोळे मिटून ओळखली असती. हा तोच हात होता. यात शंका घ्यायला जागा नव्हती.

“ते थांबणं,” मी म्हणालो. “ते तुम्ही मुद्दाम करता?”

“बाईंचा उजवा पाय अधू व्हता. पडल्या व्हत्या तरण्यापनी. गिरकी घेताना त्यांना वाईच उशीर व्हायचा. लोकांला कळू नये म्हनून म्या थांबायचो. त्या आल्या की म्या यायचो. बबन कवा थांबला न्हाई, त्यो पुढं निघून जायचा. रेकाडिंगला नाचच नव्हता, बाई उब्या राहून गात व्हत्या. पन हाताला सवय. थांबला. कंपनीचा मानूस म्हनाला, चुकलं, परत घ्या. बाई म्हनाल्या, राहूं दे.”

ज्या थांबण्यासाठी बंगळुरूहून फोन यायचे, ज्याला मी शिबिरांतून ‘सुवर्णकाळाची नस’ वगैरे म्हणायचो, ते एका लंगडणाऱ्या बाईला सांभाळून घेणं होतं. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं.

“आता आत जावा,” गेनूतात्या म्हणाले.

“कशाला?”

“संपतला सांगा, लेबल तुमी वाचलं न्हवतं. पन ह्यो हात तुमी आत्ता ऐकला, आन तबकडीवर ह्योच हात हाय. बाईंच्या पायाचं सांगा. नातू हाय त्यो त्यांचा, त्याला पाय ठाव हाय. त्याला पटंल.”

“हे तुम्हीच का नाही सांगितलंत त्यांना इतकी वर्षं?”

“म्या सांगितलं तर ती बढाई. ऐकनाऱ्यानं सांगितलं तर साक्ष.”

कापडाच्या पलीकडून अक्षताचा आवाज येत होता. ती संपतरावांना सांगत होती की आमच्या सरांसारखे लोक तबकडी हातात आली की आधी तिच्यावरचं अक्षर न् अक्षर वाचतात, म्हणून तर त्यांना इतकं माहीत असतं. मी दोन पावलं टाकली. मग थांबलो.

“तात्या,” मी परत येऊन म्हणालो, “नाव तर तुमचंच आलंय ना. राहू द्या आता.”

“नाव आलंय. तुमच्या खोट्यावर आलंय.”

“ते कुणाला कळणार आहे?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही. गिऱ्हाईक चहा नको म्हणालं तर चहावाला पाहील तसं. “बरं,” ते म्हणाले आणि उठून किटली विसळायला गेले.

परतीच्या वाटेवर अक्षता खूप बोलत होती. सर, तुम्ही होता म्हणून झालं, असं ती तीनदा म्हणाली. मी गाडी चालवत राहिलो.

दोन आठवड्यांनी, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, फडाचा सोहळा होता. सकाळी अकराची वेळ, राहुट्यांसमोर मोठा मांडव, खुर्च्यांवर स्मरणिका ठेवलेल्या. संपतरावांनी मला पहिल्या रांगेत बसवलं. अक्षता शेजारी. गेनूतात्या नवी टोपी घालून, पण किटली घेऊनच, पाहुण्यांमधून फिरत होते. स्मरणिकेच्या एकतिसाव्या पानावर त्यांचं नाव होतं. अक्षतानं ते पान त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती.

नारळ फुटायच्या आधी साताऱ्याकडून एक जीप आली. तिच्यातून बबन ठोसरांचा मुलगा सुनील उतरला. त्याला कुणीतरी फोनवरून एकतिसावं पान पाठवलं होतं. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तबकडी. बापाची आठवण म्हणून त्यानं ती देवघरात ठेवली होती.

त्यानं आरडाओरडा केला नाही. तबकडी संपतरावांच्या हातात दिली. संपतरावांनी ती वाचली, आणि माझ्यापुढे धरली.

“साहेब, जरा मोठ्यानं वाचा.”

पिवळा कागद. कोपऱ्यात मोर. सगुणाबाईंच्या नावाखाली बारीक अक्षरांत तीन ओळी. मी त्या पहिल्यांदाच वाचत होतो.

“ढोलकी, बबन ठोसर,” मी वाचलं.

आजूबाजूला पंधरा-वीस माणसं जमली होती. कुणीतरी हसलं. “तात्यानं पुण्याचा मानूस फितवून आनला की,” एक जण म्हणाला, आणि मग बरेच जण हसले. गेनूतात्या दहा पावलांवर होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा काही बदलला नाही, पण किटली त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

तेव्हा मी बोललो. बोलायला हवं होतं त्याला पंधरा दिवस उलटून गेल्यावर बोललो.

“संपतराव, हात गेनूतात्यांचाच आहे. मी स्वतः ऐकलाय. या ठेक्यात समेआधी जे थांबणं आहे ते सगुणाबाईंच्या पायासाठी…”

“त्या दिवशी तुम्ही वाचलंय म्हणाला होता,” संपतराव म्हणाले.

त्यांचा आवाज अजूनही मऊच होता. पुढं बोलण्यासारखं त्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. अर्ध्या तासात दोन पोरं खुर्च्यांमधून फिरली आणि एकतिसाव्या पानावरच्या त्या ओळीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत गेली. पट्टीवर हातानं लिहिलं होतं, बबन ठोसर.

अक्षतानं मला विचारलं.

“तुम्ही वाचलंच नव्हतं?”

“नाही.”

“मग मला आधी का नाही सांगितलंत? आजोबांना दोन मिनिटं वाजवायला लावलं असतं.”

ती माझ्या गाडीतून परत आली नाही. एसटीनं गेली. गेनूतात्यांनी त्याच आठवड्यात फड सोडला आणि ते कऱ्हाडजवळ बहिणीच्या गावी राहायला गेले, असं मला नंतर कळलं. पन्नास वर्षं ज्या फडात काढली तिथं ते आता खोटारडे ठरले होते. चाळीस वर्षं नुसते बढाईखोर होते, त्यापेक्षा हे वाईट. आणि ते माझ्यामुळे झालं.

दिवाळीत अक्षताचं गाणं आलं. मी ते फोनवर ऐकलं. अगदी आत्ताच्या पद्धतीचं, मी ज्याला धडधड म्हणतो तसलं. छातीत बसणारे खालचे ठोके आणि त्यावर तिचं भरभर बोलणं, वस्तीतल्या माणसांची नावं घेत घेत. आणि मध्येच सगळं बंद पडतं, आणि ढोलकी येते. जुन्या तबकडीवरची नाही, नवी वाजवलेली. अक्षता गेनूतात्यांच्या बहिणीच्या गावी जाऊन आली होती. समेआधी हात थांबतो, मग येतो. मी ते गाणं त्या दुपारी अकरा वेळा ऐकलं. मला कितीही वाईट वाटलं तरी मान्य करायला हवं, सव्वीस नंबरवर मी जे काही आयुष्यभर केलं त्यापेक्षा ते चांगलं होतं.

गाण्याखाली तिनं सगळ्यांची नावं दिली होती. शब्द कुणाचे, ठोके कुणी जुळवले, कुणाच्या घरात आवाज पकडला, त्या दिवशी जेवायला कुणी घातलं. ढोलकी, गेनू मारुती वायदंडे. आणि त्याखाली एक ओळ, की सगुणाबाई नेर्लेकरांच्या चौऱ्याहत्तर सालच्या तबकडीवरही ढोलकी यांनीच वाजवली आहे.

त्या ओळीवर कुणीतरी हटकलंच होतं. तबकडीचं लेबल आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, त्यावर बबन ठोसरांचं नाव आहे, तुम्ही हे कशावरून म्हणता? अक्षतानं उत्तर दिलं होतं, “दोन्ही ऐकून बघा.” त्याखाली लोक खरंच ऐकून येत होते. एकानं लिहिलं होतं, अरे हो, थांबतो तो. दुसऱ्यानं लिहिलं होतं, माझे वडील फडात होते, ते म्हणतात हा गेनूच.

मीही लिहायला घेतलं. हा हात मी अठरा वर्षं ऐकत आलोय, मी साक्ष देतो. दोन ओळी झाल्या. त्या मी वाचल्या आणि पुसून टाकल्या. तिथं माझं नाव दिसलं असतं, तर लोकांनी ऐकणं सोडून पुन्हा लेबलाचीच गोष्ट काढली असती.